इंग्रजी क्रियापद मराठी माणसाला नेमके कुठे अडवते

‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टरडे’ हे वाक्य आपल्याकडच्या कचेऱ्यांत सर्रास कानावर पडते, आणि ते बोलणाऱ्याला ‘हॅड गॉन’चा नियम ठाऊक नसतो असे मुळीच नाही. शाळेत त्याने बारा काळांचा तक्ता वहीत उतरवलेला असतो आणि ‘गो-वेंट-गॉन’ त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. पण बोलण्याच्या क्षणी तक्ता आठवायला सवड नसते. मनात असते ते ‘मी काल नाशिकला गेलो होतो’ हे बिनचूक मराठी वाक्य, आणि त्यातल्या ‘गेलो होतो’ची जोडी त्याने प्रामाणिकपणे ‘हॅड गॉन’शी लावलेली असते. इंग्रजीला तिथे नुसते ‘वेंट’ हवे असते. थोडक्यात, ही चूक मराठी चांगली येत असल्यामुळे होते.

काळ, शक्यता, सक्ती, सवय या सगळ्याचे तुकडे प्रत्येक भाषा आपल्या सोयीने पाडते. मराठीने जिथे एकच खण ठेवला आहे तिथे इंग्रजीने कधी दोन केले आहेत, आणि कधी याच्या उलट. जिथे दोन्ही भाषांचे खण जुळतात तिथे आपण सहसा चुकत नाही, त्यामुळे तिथे पानेच्या पाने सराव करण्यात वेळ जातो. जिथे ते जुळत नाहीत तेवढेच सांधे ओळखून त्यांच्यावर सराव केला, तर पुष्कळ काम थोडक्यात होते. या लेखात ते सांधे एकेक करून पाहू. त्याआधी मात्र इंग्रजी क्रियापदाची बांधणी समजून घ्यायला हवी, कारण ती समजली की बारा काळ पाठ करण्याची गरजच उरत नाही.

इंजिन आणि डबे

‘ही मस्ट हॅव बीन वेटिंग’ या वाक्यात क्रियापद चार शब्दांचे आहे. ही रचना रेल्वेगाडीसारखी असते. सर्वांत पुढचा शब्द इंजिन. काळ फक्त तोच दाखवतो. त्याच्यामागे येणाऱ्या प्रत्येक शब्दाचे रूप त्याच्या लगेच पुढचा शब्द ठरवतो. कॅन, विल, मस्ट, शुड यांसारख्या शब्दांना, म्हणजे मोडल क्रियापदांना, जो शब्द जोडला जातो तो पहिल्या रूपात येतो. ‘हॅव’ला जोडलेला शब्द तिसऱ्या रूपात येतो. ‘बी’ला जोडलेला शब्द क्रिया चालू असेल तर ‘इंग’ घेऊन येतो आणि पॅसिव्ह असेल तर तिसऱ्या रूपात येतो. डब्यांचा क्रमही ठरलेला आहे: आधी मोडल, मग हॅव, मग चालू क्रियेचा बी, मग पॅसिव्हचा बी आणि शेवटी मुख्य क्रियापद. हवे ते डबे गाळता येतात, पण क्रम बदलता येत नाही. ‘द ब्रिज मे हॅव बीन रिपेअर्ड’ म्हणजे पूल दुरुस्त झालाही असेल. इथे चालू क्रियेचा डबा गाळला आहे, इतकेच. नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली ही सगळी साखळी एका ओळीच्या सूत्रात बसवून दाखवली होती.

ही साखळी हाताशी असली की बारा काळ म्हणजे साधा गुणाकार होतो. इंजिन तीन प्रकारचे: वर्तमानाचे, भूतकाळाचे किंवा ‘विल’चे. मागचे डबे चार तऱ्हांचे: काहीच नाही, नुसता ‘बी’ आणि इंग, नुसता ‘हॅव’ आणि तिसरे रूप, किंवा दोन्ही एकामागे एक. तीन चोक बारा. खरे पाहता इंग्रजी क्रियापदाला स्वतःची काळरूपे दोनच आहेत, वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी ती भाषा ‘विल’ या मोडलकडून काम भागवते.

‘आय डिड नॉट वेंट’ ही चूक याच दृष्टीने पाहावी. मराठीत ‘गेलो’चा नकार ‘गेलो नाही’ असा होतो; ‘नाही’ मागे येऊन उभे राहते आणि ‘गेलो’ला हात लावत नाही. इंग्रजीत नकारासाठी ‘डिड’ पुढे येते, इंजिन होते आणि भूतकाळ स्वतःकडे घेते, त्यामुळे मागच्या ‘गो’ला पुन्हा भूतकाळ दाखवण्याचे कारण उरत नाही. ‘डझ ही गोज’ आणि ‘आय हॅव वेंट’ हे याच घरातले. ‘आय कॅन एबल टू डू’ यात तर ‘कॅन’ला ‘एबल’ हे विशेषण जोडले आहे, क्रियापदाचे पहिले रूप नाहीच. एक तर ‘आय कॅन डू’ म्हणावे, नाहीतर ‘आय ॲम एबल टू डू’.

गेलो, गेलो आहे, गेलो होतो

वरवर पाहता मराठीची ही तीन रूपे आणि इंग्रजीची ‘वेंट’, ‘हॅव गॉन’, ‘हॅड गॉन’ ही तीन रूपे एकास एक जुळतात. शाळेत ती तशीच जुळवून शिकवली जातात, आणि माझ्या मते मराठी माध्यमातल्या इंग्रजीचे सर्वांत मोठे नुकसान याच जुळवणीने केले आहे.

आधी ‘होतो’ घेऊ. दुपारी तुम्ही झोपलेले असताना कोणी येऊन गेले, तर घरची मंडळी सांगतात, ‘तुझा मित्र आला होता.’ इथे ‘होता’ने कळते की तो आला आणि परतही गेला, आता तो इथे नाही. नुसते ‘तुझा मित्र आला’ म्हटले असते तर तुम्ही दाराकडे पाहिले असते. म्हणजे मराठीचा ‘होता’ घटना मिटली, तिचा परिणाम शिल्लक नाही, असे सांगतो. इंग्रजीच्या ‘हॅड’चे काम वेगळे आहे. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे तो दाखवतो: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ दुसरी घटना बोलण्यात किंवा संदर्भात नसेल तर ‘हॅड’ लटकत राहतो. ‘युवर फ्रेंड हॅड कम’ असे म्हटले की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहतो: आला होता, आणि मग काय झाले? म्हणून ‘काल गेलो होतो’, ‘दहावीत असताना पाहिले होते’, ‘त्याने मला सांगितले होते’ या सगळ्यांना, मागेपुढे दुसरी घटना नसेल तर, साधा भूतकाळ पुरतो.

‘आहे’ची गोष्ट निराळी. मराठीत ‘हा सिनेमा मी गेल्या दिवाळीत पाहिला आहे’ हे वाक्य चालते. ‘आहे’ने आपण अनुभवाची ग्वाही देतो आणि तो केव्हाचा तेही सांगतो. इंग्रजीच्या ‘हॅव’ला मात्र संपलेला काळ सोबत चालत नाही. ‘लास्ट दिवाली’, ‘यस्टरडे’, ‘इन २०१९’ असा शब्द आला की ‘हॅव’ने बाहेर जावे. ‘टुडे’, ‘धिस वीक’, ‘सो फार’ असे अजून न संपलेले काळ चालतात. उलट बाजूला, जिथे मराठी साध्या भूतकाळावर भागवते तिथे इंग्रजीला ‘हॅव’ हवा असतो. ‘जेवलास का?’ हा प्रश्न ‘हॅव यू ईटन?’ असा होतो. ‘अरे, माझी किल्ली हरवली!’ म्हणणाऱ्याची किल्ली अजून सापडलेली नसेल तर ‘आय हॅव लॉस्ट माय की’. अमेरिकन इंग्रजीत अशा ठिकाणी साधा भूतकाळही सहज चालतो. आपली पाठ्यपुस्तके ब्रिटिश वळणाची असल्याने ती ‘हॅव’ मागतात.

तिसरा सांधा ‘पासून’चा. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो’ यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो, कारण राहणे आजही चालू आहे. इंग्रजीला ती क्रिया मागून आजपर्यंत ताणून दाखवावी लागते, म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स’. त्यातच ‘पासून’चे दोन तुकडे होतात: लांबी मोजायची असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’. ‘सिन्स टेन इयर्स’ हा आपला हमखास शिक्का आहे. दहा वर्षे ही लांबी. २०१५ हा बिंदू.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नॉट नोइंग’ यांवर हसणारे पुष्कळ असतात. असणे, माहीत असणे, हवे असणे, एखाद्याच्या मालकीचे असणे या स्थिती आहेत. त्यांना चालू काळाचा ‘इंग’ लागत नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरते. मराठीत ‘मला कळतंय’, ‘मला वाटतंय’ हे इतके सहज बोलले जाते की ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ कुठून येते ते वेगळे सांगायला नको.

येईन, येणार आहे, येतो

भविष्याच्या बाबतीत मराठी आपल्याला चांगली मदत करते, पण आपण ती घेत नाही. ‘मी उद्या त्याच्याशी बोलणार आहे’ यात बेत आधीच ठरला आहे. इंग्रजीत ‘आय ॲम गोइंग टू टॉक टू हिम’. फोन वाजतो आणि ‘थांब, मी घेतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा निर्णय त्या क्षणाचा असतो. इंग्रजीत ‘आय विल गेट इट’. मराठीने तिथे वर्तमानकाळ वापरला म्हणून ‘आय टेक इट’ म्हणायचे नाही.

जर-तरच्या वाक्यांत दोन्ही भाषा आपापल्या वाटेने गमतीदार आहेत. ‘पाऊस पडला तर सहल रद्द होईल’ या वाक्यातला पाऊस अजून पडलेला नाही, तरी मराठी तिथे ‘पडला’ म्हणते. इंग्रजी म्हणते, ‘इफ इट रेन्स’. दोघीही भविष्याचे रूप टाळतात. तरीही आपण ‘इफ इट विल रेन’ म्हणतो, कारण तेव्हा मराठी वाक्य मनात नसते, नुसता ‘उद्या’ असतो आणि उद्यासाठी ‘विल’ हे समीकरण असते. ‘तो आल्यावर सांगेन’ याचेही तसेच: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. ‘विल’ एका बाजूलाच.

न घडलेल्या गोष्टींत मात्र मराठी आपल्याला थेट खड्ड्यात नेते. ‘तू आला असतास तर मजा आली असती.’ दोन्ही बाजूंना ‘असता’ आहे, आणि म्हणून मराठी मन दोन्ही बाजूंना ‘वुड’ घालते: ‘इफ यू वुड हॅव कम, इट वुड हॅव बीन फन’. इंग्रजीने जरच्या बाजूला ‘हॅड’ आणि तरच्या बाजूला ‘वुड हॅव’ अशी वाटणी केली आहे. ‘इफ यू हॅड कम, इट वुड हॅव बीन फन’. हा एक सांधा असा आहे की तो नुसता समजून उपयोग नाही, तोंडाला वळण लागेपर्यंत म्हणावाच लागतो. दिवसभरात हुकलेल्या पाच गोष्टी घ्याव्यात, लोकल चुकली, दूध उतू गेले, छत्री विसरली, आणि प्रत्येकीचे एक ‘इफ आय हॅड’ वाक्य करावे.

च, ही आणि मोडल

मोडल क्रियापदांचे कोष्टक पाठ करून मराठी माणसाला फारसे काही मिळत नाही, कारण आपल्याकडे हे काम एका प्रकारच्या शब्दांकडे सोपवलेलेच नाही. काही काम ‘शकणे’ करते, काही ‘पाहिजे’, ‘हवे’, ‘लागणे’, ‘येणे’. आणि खात्रीची पायरी दाखवण्याचे काम तर एकेका अक्षराचे अव्यय करते. तो आत्ता घरी असेल का, असे विचारले तर ‘असेलच’, ‘असेल’, ‘असेलही’ अशी तीन उत्तरे मिळू शकतात. इंग्रजीत ती अनुक्रमे ‘ही मस्ट बी ॲट होम’, ‘ही इज प्रॉबॅब्ली ॲट होम’ आणि ‘ही माइट बी ॲट होम’ अशी होतात. ‘च’चा ‘मस्ट’ आणि ‘ही’चा ‘माइट’ ही जोडी पक्की केली की अंदाजाची निम्मी वाक्ये सुटतात. नकारात मात्र जपायचे: ‘तो घरी नसणारच’ याचे इंग्रजी ‘ही कान्ट बी ॲट होम’. तिथे ‘मस्ट नॉट’ घातले तर त्याने घरी असता कामा नये, असा हुकूम होतो.

सक्तीतही नकार वेगळाच वागतो. ‘यू मस्ट गो’ आणि ‘यू हॅव टू गो’ जवळजवळ सारखे. पण ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणजे जायचे नाही, आणि ‘यू डोन्ट हॅव टू गो’ म्हणजे जायची गरज नाही, वाटले तर जा. ‘मस्ट’ला सक्तीच्या अर्थाने भूतकाळही नाही. ‘मला जावं लागलं’ हे ‘आय हॅड टू गो’. ‘मस्ट हॅव गॉन’ असे म्हटले तर अर्थ होतो ‘गेला असणारच’. आणि ‘जायला हवं होतं’, जे आपण सगळेच रोज म्हणतो, ते ‘शुड हॅव गॉन’.

‘कॅन’च्या बाबतीत मराठी अधिक बारीक विणते. ‘मला पोहता येतं’ हे कौशल्य, ‘मी आज पोहू शकतो’ ही आजची सवड किंवा ताकद. इंग्रजी दोन्हीकडे ‘कॅन’ म्हणते. भूतकाळात मात्र इंग्रजीला फरक पडतो: ‘लहानपणी मला झाडावर चढता यायचं’ हे ‘आय कुड क्लाइंब ट्रीज’, पण ‘काल धावपळ करून मी शेवटची बस पकडू शकलो’ हे ‘आय वॉज एबल टू कॅच द लास्ट बस’ किंवा ‘मॅनेज्ड टू’. एकदाच साधलेल्या गोष्टीला ‘कुड’ लावत नाहीत. न साधलेल्या गोष्टीला ‘कुड नॉट’ बिनधास्त लावता येते.

नम्रतेचा मुद्दा बहुतेक पुस्तके शिष्टाचाराचा म्हणून उरकतात, पण तो व्याकरणाचा आहे. मराठीत आदर ‘आपण’, ‘तुम्ही’ आणि क्रियापदाच्या अनेकवचनात असतो: ‘जरा सरकता का?’, ‘पेन द्याल का?’ इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मग आदर ठेवायचा कुठे? तो ‘कुड यू’, ‘वुड यू’ या भूतकाळी रूपांत ठेवला जातो. ‘गिव्ह मी पेन, प्लीज’ म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या मनात ‘द्या ना’ इतके आर्जव असते, पण इंग्रजी कानाला ते पोहोचत नाही. याचा अतिरेकही होतो: ‘द ऑफिस वुड रिमेन क्लोज्ड टुमॉरो’ अशा पाट्या आपल्याकडे दिसतात. तिथे साधा ‘विल’ हवा. बंद राहणे ही विनंती नव्हे.

‘शॅल’बद्दल जुन्या पुस्तकांत असते की ‘आय’ आणि ‘वुई’पुढे ‘शॅल’, बाकीच्यांपुढे ‘विल’. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात हा भेद मांडला होता. गणितातले अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह दोनच वर्षांनी रूढ करणारा हाच माणूस. चिन्ह टिकले, नियम आता फारसा पाळला जात नाही. ‘शॅल’ मुख्यतः करारपत्रांत आणि ‘खिडकी उघडू का?’ अशा विचारण्यात उरला आहे: ‘शॅल आय ओपन द विंडो?’

कर्मणी म्हणजे पॅसिव्ह नव्हे

‘रामाने आंबा खाल्ला.’ ‘रामाने पोळी खाल्ली.’ क्रियापद आंब्याप्रमाणे, पोळीप्रमाणे बदलते, म्हणून मराठी व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. इंग्रजीच्या तासाला पॅसिव्ह व्हॉइसचेही मराठी नाव कर्मणी प्रयोग असेच सांगितले जाते, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. मराठीच्या या वाक्यात बोलणे रामाबद्दलच आहे, राम कुठेही मागे गेलेला नाही. त्याचे इंग्रजी सरळ ‘राम एट अ मँगो’ असे ॲक्टिव्हच होते. इंग्रजी पॅसिव्हशी खरे नाते आहे ते ‘रावण रामाकडून मारला गेला’ या रचनेचे, जिला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात, आणि त्याहूनही जास्त सरकारी मराठीच्या ‘करण्यात येते’चे. ‘प्रवाशांना सूचित करण्यात येते की’ या उद्घोषणेत कोण सूचित करतो ते सांगितलेले नसते आणि कोणाला ते जाणूनही घ्यायचे नसते. पॅसिव्हचे काम नेमके हेच आहे: करणारा माहीत नाही, महत्त्वाचा नाही, किंवा लपवायचा आहे. म्हणूनच प्रत्यक्ष वापरातल्या बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत ‘बाय’ नसतो. शाळेतल्या ‘चेंज द व्हॉइस’ प्रश्नात मात्र प्रत्येक उत्तराला ‘बाय’चे शेपूट लागते आणि ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ अशी वाक्ये तयार होतात, जी परीक्षेबाहेर सहसा कोणी उच्चारत नाही. सराव करायचा तर पाट्यांवर, औषधाच्या वेष्टनांवर, बातम्यांच्या मथळ्यांवर करावा.

रोजच्या मराठीला पॅसिव्हची गरज कमी लागते, कारण आपल्याकडे करणाऱ्याला टाळणारी क्रियापदे तयार आहेत: काच फुटली, चोर सापडला, पैसे मिळाले, चुका झाल्या. इंग्रजीत यांपैकी काही ठिकाणी पॅसिव्ह लागतो, ‘द थीफ वॉज कॉट’, तर काही ठिकाणी लागत नाही, ‘द ग्लास ब्रोक’. ‘अपघात झाला’ मधल्या ‘झाला’मुळे ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ असे होऊन बसते. पण हॅपन, ऑकर, डाय, अराइव्ह या क्रियापदांना कर्मच नसते, तेव्हा त्यांचा पॅसिव्ह होऊ शकत नाही.

एक रचना मात्र मराठीतून जशीच्या तशी उचलता येते. ‘मी केस कापून घेतले’ यातला ‘घेतले’ सांगतो की कात्री दुसऱ्याच्या हातात होती. इंग्रजीत ‘आय हॅड माय हेअर कट’. आपण ‘आय कट माय हेअर’ म्हणतो, आणि ऐकणारा आरशासमोरचा प्रसंग डोळ्यांपुढे आणतो. ‘गाडी दुरुस्त करून घेतली’, ‘रंग लावून घेतला’, सगळे याच साच्यात.

थांबला, विसरला, करून पाहिले

‘टू’ लावलेले रूप केव्हा आणि ‘इंग’ लावलेले केव्हा, हा प्रश्न सर्वांत अवघड मानला जातो. त्यासाठी क्रियापदांच्या लांबलचक याद्या पाठ करायला देतात. काही याद्यांना इलाज नाही: एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट यांच्यापुढे ‘इंग’, वाँट, डिसाइड, होप, रिफ्यूज यांच्यापुढे ‘टू’. पण ज्या क्रियापदांपुढे दोन्ही चालतात आणि अर्थ बदलतो, तिथे मराठी माणसाकडे घरचीच किल्ली आहे.

‘तो सिगारेट ओढायचा थांबला’ आणि ‘तो सिगारेट ओढायला थांबला’ यांत गोंधळ होणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. पहिल्यात सवय सुटली, दुसऱ्यात तो टपरीपाशी उभा राहिला. इंग्रजीत पहिले ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ आणि दुसरे ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’. तसेच ‘दार लावायला विसरलो’, म्हणजे दार उघडेच राहिले, हे ‘आय फरगॉट टू लॉक द डोअर’. ‘औषध घ्यायचं लक्षात ठेव’ हे ‘रिमेंबर टू टेक द मेडिसिन’. ‘औषध घेतल्याचं आठवतंय’ हे ‘आय रिमेंबर टेकिंग द मेडिसिन’. ‘कळवण्यास खेद वाटतो’ हे ‘आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू’. ‘त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतो’ हे ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’. मराठीत जिथे ‘-ल्याचं’ येते, म्हणजे क्रिया घडून गेलेली असते, तिथे इंग्रजीत ‘इंग’. जिथे क्रिया अजून पुढे आहे, तिथे ‘टू’.

यांतली माझी सर्वांत आवडती जोडी ‘ट्राय’ची. ‘खिडकी उघडायचा प्रयत्न केला’, ती गच्च बसलेली होती, हे ‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’. ‘खिडकी उघडून पाहिली’, उकाडा कमी होतो का ते बघायला, हे ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो’. इंग्रजी पुस्तके हा फरक समजावायला परिच्छेद खर्च करतात. आपल्याकडे ‘-ऊन पाहणे’ हे रूप त्यासाठीच आहे.

‘यूज्ड टू’चे कोडेही असेच सुटते. ‘मी पहाटे उठायचो’ हे ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’. ‘मला पहाटे उठायची सवय आहे’ हे ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’. दुसऱ्या वाक्यातला ‘टू’ हा ‘ॲट’, ‘इन’, ‘ऑफ’ अशा शब्दांच्या पंक्तीतला नाही का, असे विचारावे: ‘यूज्ड टू द नॉइज’ म्हणता येते, म्हणजे त्याच्यापुढे नाम चालते. नाम चालत असेल तर क्रियापदाने नामाचे कपडे घालून, म्हणजे ‘इंग’ लावून, यावे. हीच कसोटी ‘लुक फॉरवर्ड टू’ला लागू पडते.

सराव कसा

गाळलेल्या जागा भरण्याच्या पुस्तकांवर माझा राग नाही, पण त्यांची मर्यादा ओळखून ती वापरावीत. धड्याचे नावच ‘पास्ट परफेक्ट’ असेल तर प्रत्येक जागेत ‘हॅड’ भरायचा हे न वाचताही कळते. त्याने रूप पक्के होते, निवड शिकता येत नाही. निवड शिकायची तर वाक्ये सरमिसळ असावीत आणि सुरुवात मराठी वाक्यापासून व्हावी. माझी पद्धत जुनाट आहे: आपणच दिवसभरात बोललेली दहा मराठी वाक्ये रात्री लिहून काढायची, त्यांचे इंग्रजी करायचे, वही मिटायची, आणि दोन दिवसांनी नुसते इंग्रजी वाचून त्याचे परत मराठी करायचे. परतलेले मराठी मूळ वाक्याहून वेगळे निघाले, तर अर्थ कुठे सांडला ते दिसते. वाक्ये मोठ्याने म्हणावीत, आणि म्हणताना ‘एड’कडे लक्ष द्यावे: ‘वर्क्ट’, ‘प्लेड’, ‘वाँटिड’ असे त्याचे तीन उच्चार आहेत, आणि तो गिळला गेला की ऐकणाऱ्याला आपला भूतकाळ ऐकूच येत नाही.

शेवटी एक अर्ज सोडवून पाहू. असे अर्ज मी अनेकदा तपासले आहेत. हा त्या सगळ्यांना मिळून बनवलेला आहे.

‘आय ॲम वर्किंग इन धिस ब्रँच सिन्स फोर इयर्स. लास्ट मंडे आय हॅड अप्लाइड फॉर लीव्ह. आय वॉज टोल्ड दॅट इट विल बी अप्रूव्ह्ड, बट आय डिड नॉट रिसीव्ह एनी रिप्लाय टिल नाऊ. इफ द लीव्ह वुड हॅव बीन अप्रूव्ह्ड इन टाइम, आय वुड हॅव बुक्ड माय टिकिट. आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’

पहिल्या वाक्यात ‘पासून’चा सांधा निखळला आहे: ‘आय हॅव बीन वर्किंग’ आणि ‘फॉर फोर इयर्स’. दुसऱ्यात ‘केला होता’चा ‘हॅड’ आहे. ‘लास्ट मंडे’ हा संपलेला काळ, दुसरी घटना नाही, म्हणून ‘आय अप्लाइड’. तिसऱ्या वाक्यातला ‘आय वॉज टोल्ड’ शाबासकी द्यावी असा आहे: कोणी सांगितले ते अर्जदाराने शहाणपणाने लपवले. पण त्याच्यामागे ‘विल’ आहे. मराठीत ‘मंजूर होईल असं सांगितलं’ म्हणताना ‘होईल’ तसाच राहतो; इंग्रजीत सांगणे भूतकाळात गेले की ‘विल’चा सहसा ‘वुड’ होतो. ‘टिल नाऊ’ म्हणजे काळ अजून उघडा आहे, उत्तराची वाट चालूच आहे, म्हणून ‘आय हॅव नॉट रिसीव्ह्ड’. चौथ्यात दोन्ही बाजूंच्या ‘असता’ने दोन ‘वुड’ आणले. जरच्या बाजूचा काढून ‘इफ द लीव्ह हॅड बीन अप्रूव्ह्ड’. हे वाक्य बरोबर असले तरी साहेबांना टोचेल असे आहे, ते अर्जात ठेवायचे की नाही हा निर्णय व्याकरणाच्या हातातला नाही. आणि शेवटच्या ओळीत ‘टू’पुढे ‘युवर रिप्लाय’ हे नाम बसते का ते पाहावे. बसते, म्हणून ‘हिअरिंग’.